हिरवी रेघ ते नवा हँडसेट: वॉरंटीतला फोन सर्व्हिस सेंटरला नेताना

जुलैतल्या एका सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर पर्समधून फोन काढला, तर स्क्रीनच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ. केस चिकटला असेल म्हणून ओढणीने पुसली. रेघ जागची हलेना. मुलुंड येईतो दोन झाल्या आणि संध्याकाळी वर्तकनगरला घरी पोचेपर्यंत अख्खी स्क्रीन काळी. फोन आतून मात्र जिवंत होता. रिंग वाजत होती, अलार्म वाजत होता, दिसत काहीच नव्हतं. घेऊन अकरा महिने झाले होते. पडला नव्हता, भिजलाही नव्हता.

पुढच्या सहा-सात आठवड्यांत आधी नकार मिळाला, मग स्क्रीन बदलून मिळाली, एकोणिसाव्या दिवशी तीही गेली आणि शेवटी हँडसेट बदलून मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही. मैत्रिणींचे वेगवेगळ्या कंपन्यांचे अनुभव ऐकले, तर कारभार सगळीकडे साधारण सारखाच दिसतो. वॉरंटी मिळणार की नाही, हे काउंटरवर जॉबशीट, म्हणजे फोन जमा केल्याचा नोंदीचा कागद, बनते त्या दहा मिनिटांत ठरतं, असं माझं मत झालंय. त्यामुळे खालच्या पायऱ्यांतल्या निम्म्या त्या दहा मिनिटांच्या तयारीच्या आहेत.

आधी हात आवरा, रीस्टार्ट करू नका

स्क्रीन गेली की सगळे पहिलं काम हेच करतात: पॉवरचं बटण दाबून धरतात. मीही केलं आणि पस्तावले. अँड्रॉइड फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला की पिन टाकेपर्यंत आतला डेटा कुलपात राहतो. बोटाचा ठसा चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येत नाहीत, फोटोंचा बॅकअप पुढे सरकत नाही. आणि पिन टाकायचा कुठे, तर न दिसणाऱ्या स्क्रीनवर! तेव्हा फोन चालू असेल तर चालूच ठेवा, चार्जिंगला लावा, घरच्या वायफायच्या कक्षेत ठेवा.

माझा टच शाबूत होता. नवऱ्याचा फोन त्याच कंपनीचा. तो शेजारी ठेवला, त्यावर कुठला आकडा कुठे येतो ते बघितलं आणि काळ्या काचेवर अंदाजाने सहा आकडे दाबले. दोनदा फोन नुसता थरथरला. तिसऱ्यांदा कुलूप उघडल्याचा बारीक ‘टिक’ आवाज आला. रात्रभर वायफायवर ठेवला आणि सकाळी लॅपटॉपवर गुगल फोटोज उघडलं, तर आदल्या दिवशीचे फोटो आलेले होते.

तुमच्या बाबतीत उलटं असेल, म्हणजे दिसतंय पण टच मेलाय, तर ठाण्याच्या गावदेवी मार्केटात शे-दोनशेला मिळणारं ओटीजी अडॅप्टर घ्या आणि कॉम्प्युटरचा साधा माऊस लावा. स्क्रीनवर बाण येतो, सगळं क्लिक करून चालवता येतं. टच चालतोय पण दिसत नाही, अशा वेळी फोन एचडीएमआयने टीव्हीला जोडा असा सल्ला हमखास मिळतो. तो ठरावीक, बहुतेक महागड्या फोनांनाच लागू पडतो, कारण फोनच्या चार्जिंगच्या सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर पडायची सोय असावी लागते. आपल्या मॉडेलला ती आहे का, हे बघितल्याशिवाय जोडणीच्या हबवर पैसे घालू नका.

व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर आधीच जोडलेलं असेल तर सुटलात. मूळ फोन बंद असला तरी ते १४ दिवसांपर्यंत चालतं. चॅटचा शेवटचा बॅकअप कधीचा आहे, हे कॉम्प्युटरवर गुगल ड्राइव्हच्या स्टोरेजमध्ये ‘बॅकअप्स’खाली तारखेसकट दिसतं. तेवढं बघूनच पुढचं ठरवा.

सिम, पैसे आणि लोकलचा पास

सिम काढून घरातल्या जुन्या फोनमध्ये टाका. ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम असेल तर काम वाढतं. ओळखपत्र घेऊन मोबाइल कंपनीच्या स्टोअरमध्ये जावं लागतं, आणि सिम बदललं की पुढचे २४ तास त्या नंबरवर एसएमएसची ये-जा बंद असते. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. हप्ता भरायचा किंवा कुणाला पैसे पाठवायचे असतील त्या दिवशी हे काम काढू नका. यूपीआय दुसऱ्या फोनवर नव्याने सुरू केलं तरी पहिल्या दिवशी थोड्याच रकमेची मुभा असते. पाकिटात दोनेक हजार रोख ठेवा.

आणि पास मोबाइलवर असेल तर? टीसीला काळी स्क्रीन दाखवून चालत नाही. मी तीन दिवस खिडकीवर रांग लावून तिकीट काढलं.

पुरावा घरीच गोळा करा

दिवसाउजेडी कव्हर काढून फोनचे फोटो घ्या: पुढून, मागून, चारही कडा आणि चारही कोपरे. अंधारात टॉर्च तिरकी धरून काचेवरून प्रकाश फिरवा आणि त्याचा व्हिडिओ काढा. केसासारखा तडा असेल तर तो अशा उजेडातच चमकतो. तुम्हालाच तो दिसला, तर काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही. तो खर्च तुमचा, किंवा स्क्रीन प्रोटेक्शन प्लॅन घेतला असेल तर त्याचा. रेघा अजून दिसत असतील तर त्यांचाही व्हिडिओ घ्या, कारण माझ्यासारखी स्क्रीन पुढे पूर्ण काळी झाली की दाखवायला काही उरत नाही. मी पुलावर उभ्याउभ्या सहप्रवासी मैत्रिणीला तिच्या फोनवरून एक फोटो काढायला लावला होता, केवळ तिला गंमत दाखवायची म्हणून. पुढे तोच कामी आला.

सिमचा ट्रे ओढल्यावर आत बऱ्याच फोनांत एक चिमुकली पांढरी पट्टी दिसते. तिला पाणी लागलं की ती लाल किंवा गुलाबी होते. ती पांढरी असल्याचा फोटो घ्या. फोनवर ‘आयपी ६८’ ही पाण्याला दाद न देण्याची खूण लिहिलेली असली तरी पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत. जाहिरातीत फोन पोहताना दाखवतात, ते सोडा. पावसाळ्यात ठाण्यात फोन घेऊन फिरणाऱ्याला ही पट्टी माहीत असायलाच हवी. आणि भिजलेला फोन तांदळात पुरू नका, त्याने पोर्टमध्ये पीठ तेवढं जातं.

थोडं तांत्रिक, पण हे बोलता आलं तर समोरचा जरा सावरून बसतो. ओएलईडी स्क्रीनवरचा पिक्सेलचा प्रत्येक उभा स्तंभ कडेच्या ड्रायव्हर चिपकडून आज्ञा घेतो, आणि या आज्ञा कागदाहून पातळ फिल्मवरच्या जोडांमधून येतात. उष्णतेने किंवा बनावटीतल्या दोषाने तिथला एखादा जोड सुटला की तो अख्खा स्तंभ एकाच रंगात पेटून राहतो. म्हणून ही रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत असते. फोन आपटल्यावर बहुधा वेगळं दिसतं: एका बिंदूपासून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरत जातो, वर काचेला तडा असतो. एवढ्याने काही सिद्ध होत नाही, पण इंजिनिअरला पुन्हा बघायला लावता येतं.

कागदपत्रांत जीएसटीचं बिल महत्त्वाचं. फोनची वॉरंटी साधारण एक वर्षाची आणि बिलाच्या तारखेपासून असते. चार्जर, केबलची बहुतेक वेळा सहा महिन्यांची. ऑनलाइन घेतला असेल तर ‘ऑर्डर्स’मधून बिल पुन्हा उतरवता येतं, दुकानातून घेतला असेल तर मोबाइल नंबरवरून दुकानदार प्रत काढून देतो. बिलावरचा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, फोनच्या खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, गोंधळू नका. स्क्रीन दिसत असेल तर *#०६# दाबूनही तो येतो. फोन घेऊन आठवडाच झाला असेल तर सर्व्हिस सेंटरच्या आधी विक्रेत्याकडे जा, बदलून द्यायची त्यांची मुदत चालू असेल.

एक मोह टाळा: गल्लीतल्या दुकानात ‘जरा उघडून बघतो’ म्हणणाऱ्याच्या हाती फोन देऊ नका. ‘फोल्डर’, म्हणजे काचेसकट स्क्रीन, केवढ्याला पडेल ते विचारा, हरकत नाही. पण एकदा मागचं झाकण उचकटलं की वॉरंटीवर बोलायची सोय राहत नाही.

सर्व्हिस सेंटर शोधणं

पत्ता आणि नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. गुगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून वर येणाऱ्या नंबरांत ठगांचे नंबर मिसळलेले असतात. पलीकडचा कुणी एखादं अ‍ॅप टाकायला किंवा ‘व्हेरिफिकेशनचे दहा रुपये’ भरायला सांगू लागला, तर फोन ठेवून द्या. दुसरं म्हणजे, कंपनीचं कुठलंही अधिकृत सेंटर चालतं. ठाण्यातल्या सेंटरने नकार दिला तर ट्रान्स हार्बर लोकल पकडून वाशीला जाता येतं, आणि जावं. मधल्या वारी, सकाळी उघडताना गाठा. शनिवारी टोकन घेऊन दोन तास बसाल आणि समोरच्याला तुमच्यासाठी चार मिनिटं असतील.

काउंटर

माझ्यासमोरच्या मुलाने फोन हातात घेतला, भिंगाखाली फिरवला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, “ताई, फ्रेमला डेंट आहे. फिजिकल डॅमेजमध्ये जाईल. डिस्प्लेचे साडेनऊ हजार होतील.”

“कुठे आहे डेंट? दाखवा ना मला.”

त्याने डावीकडचा खालचा कोपरा दाखवला. कव्हर घासून तिथला रंग साबुदाण्याएवढा उडाला होता.

“दादा, हा डावीकडे आहे. रेघ उजवीकडे आली होती, हा बघा फोटो. काचेला तडा आहे का कुठे?”

“तडा नाही, पण सिस्टीममध्ये...”

“मग असं करा, या कोपऱ्याचा फोटो काढून जॉबशीटला जोडा, आणि यामुळे स्क्रीन गेली असं इंजिनिअरला लेखी द्यायला सांगा. मी थांबते.”

तो आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला आणि ‘तपासणीसाठी जमा’ असं लिहून फोन घेतला. आवाज चढवायची गरज पडली नाही. लेखी मागितलं की काम सरकतं. हे मुलगे पगारी आहेत, त्यांच्यावर ओरडून काही साधत नाही, आणि पुढचे चार आठवडे त्यांच्याशीच गाठ असते.

जॉबशीट ओळ न ओळ वाचा. आयएमईआय बरोबर आहे का, तक्रार नीट लिहिली आहे का, वॉरंटीच्या रकान्यात काय आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोनच्या स्थितीच्या रकान्यात काय टिकमार्क केलंय. तिथे ‘स्क्रॅच, डेंट’ बरेचदा न बघताच टिक केलेलं असतं. ‘सीआयडी’ ही तीन अक्षरं दिसली तर थांबा: ग्राहकामुळे झालेलं नुकसान, असा त्याचा अर्थ. सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा: ‘काचेला तडा नाही. फोन पडलेला किंवा भिजलेला नाही. कव्हरमुळे एका कोपऱ्याचा रंग उडालेला आहे.’ मात्र हे खरं असेल तरच. टॅबवर सही घेत असतील तर हाच मजकूर त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल करा, फोटो जोडून. जॉबशीटची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. पैसे भरायला हो म्हणायची घाई नको. नकार देत असतील तर कारण लेखी मागा, तोंडी नकाराचं पुढे काहीच करता येत नाही.

पिन कागदावर लिहून देऊ नका. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सलमध्ये रिपेअर मोड नावाची सोय आहे. तो चालू केला की फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. स्क्रीन काळीच असेल तर हे जमत नाही. मग ‘स्क्रीन बसली की मी येऊन पिन टाकते’ म्हणा. मी तसंच केलं, कुणी नाही म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी सेंटरमधून कॉल आला, वॉरंटीत स्क्रीन बसवली होती. घेताना तिथेच उभं राहून बघा: पांढऱ्या पानावर डाग, काळ्या पानावर कडेने येणारा उजेड, कॉल लावून कानाला धरल्यावर स्क्रीन विझते का, ठसा उमटतो का, कोपरे दाबल्यावर काच हलते का. बदललेल्या भागाची वेगळी वॉरंटी किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या.

तीच तक्रार पुन्हा आली तर

एकोणिसाव्या दिवशी पुन्हा रेघ. या वेळी गुलाबी.

इथे एक गोष्ट समजून घ्या. वॉरंटीच्या कागदात साधारण असं लिहिलेलं असतं की दुरुस्त करायचं की बदलून द्यायचं, हे कंपनी ठरवेल. म्हणून पहिल्याच बिघाडाला ‘नवाच फोन द्या’ म्हणून हटून बसलं तर ते कागद पुढे करतात. तोच बिघाड पुन्हा आला किंवा पार्ट आठवडेच्या आठवडे मिळेना, की तुमची बाजू जड होते. पण दोन्ही वेळच्या जॉबशीट हाती हव्यात. ‘सॉफ्टवेअर टाकून बघतो’ म्हणत कुणी जॉबशीटशिवाय फोन आत नेऊ लागला, तर नेऊ देऊ नका. ती भेट झाल्याची कुठेच नोंद राहत नाही.

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. लांबलचक गाऱ्हाणं लिहू नका, कुणी वाचत नाही. माझा मजकूर असा होता:

‘अमुक तारखेला घेतलेल्या फोनची स्क्रीन वॉरंटीत दोनदा निकामी झाली. पहिली जॉबशीट व तारीख, दुसरी जॉबशीट व तारीख, आयएमईआय खाली दिले आहेत. फोनला आघात किंवा पाण्याची खूण नाही, फोटो जोडले आहेत. एकाच दोषाची दुरुस्ती अयशस्वी ठरल्यामुळे हँडसेट बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. मराठीत बोलता येतं, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि उमंग अ‍ॅपवरही नोंद होते. ही हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, तुमची तक्रार पुढे पाठवते आणि उत्तर मागते. तरी उपयोग होतो, कारण मोठ्या कंपन्यांत अशा तक्रारी बघणारी माणसं वेगळी असतात. मिळालेला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मी ईमेलमध्ये चिकटवला. ऑनलाइन खरेदी असेल तर विक्री करणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं.

नवव्या दिवशी मला हँडसेट बदलून देत असल्याचा फोन आला. तुम्हाला नाही आला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. ठाणे जिल्ह्याचा आयोग ठाण्यात आहे आणि नवी मुंबईसाठी अतिरिक्त आयोग बेलापूरच्या कोकण भवनात. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. आयोग वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. कायद्यात तीन महिन्यांत आणि वस्तू तपासावी लागली तर पाच महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं म्हटलंय, पण प्रत्यक्षात तारखा पडतात. पंधरा हजारांच्या फोनसाठी हे करावं का? माझ्या मते आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचा सल्ला घ्यावा. आमच्या सोसायटीत पंचायतीचं महिन्याच्या किराण्याचं वाटप चालतं, तिथल्याच एका काकूंनी माझ्या ईमेलमधला सगळा राग खोडून तो सात ओळींवर आणला होता.

बदललेला फोन हातात घेताना

जुना फोन कायमचा परत जातो, म्हणून तो आधी पुसा. थोडं दिसत असेल तर सेटिंगमधून गुगल अकाउंट काढून रीसेट करा. काहीच दिसत नसेल तर दुसऱ्या फोनवरून गुगलच्या ‘फाइंड हब’मध्ये जाऊन डेटा पुसता येतो. पण त्यासाठी जुना फोन इंटरनेटवर हवा. सिम तर आधीच काढलंय, तेव्हा हे घरच्या वायफायवर असतानाच उरका. काउंटरवर आठवलं तर उशीर झालेला असतो.

मिळालेला हँडसेट सीलबंद नवा आहे की दुरुस्त केलेला, हे स्पष्ट विचारा. त्याचा आयएमईआय ‘केवायएम’ या अक्षरांपुढे जागा सोडून १४४२२ वर एसएमएस करा. कुठलं मॉडेल आहे आणि तो काळ्या यादीत आहे का, ते कळतं. एक पत्र मात्र मागूनच घ्यायचं: जुना आयएमईआय, नवा आयएमईआय, बदलल्याची तारीख आणि वॉरंटी कधीपर्यंत ते. मला ते आपणहून दिलं नव्हतं. ‘सिस्टीमला अपडेट आहे, ताई,’ एवढंच उत्तर मिळालं. मी खुर्चीवर बसून राहिले, तेव्हा छापून शिक्का मारून आणून दिलं.

बिलावरचा आकडा आता हातातल्या फोनशी जुळत नाही. म्हणून ते पत्र बिलाच्या मागे स्टेपल करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, फ्रीज आणि मिक्सरच्या वॉरंटी कार्डांच्या वर.